'तर' आणि 'तरच'

बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र मी जरा भीतभीतच उघडतो. आत काय असणार ते ठाऊक असते. पेढा भरवणारे आईवडील, हसरी मुले आणि त्या मुलांच्या तोंडचे एक ठरलेले वाक्य : 'नियमित अभ्यास केला तर यश हमखास मिळते.' एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलेल्या माणसाला हे वाचून खरे तर बरे वाटायला हवे. मला ते बोचते. कारण हेच वाक्य एकेकाळी मी फार ठासून बोलत असे आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली.

गोष्ट 1996 सालची. फेब्रुवारीत पालकसभा होती. शेवटच्या बाकावर मार्केट यार्डात हमाली करणारे एक गृहस्थ बसले होते. कामावरून थेट आले असावेत, डोक्याचा पंचा अजून खांद्यावर होता. मी बोलण्याच्या भरात म्हणालो, "काळजी करू नका. अभ्यास केला तर मुलगा पास होतोच. गणित कुणावर अन्याय करत नाही." पालक खूश झाले. मीही झालो.

निकाल लागला आणि त्या गृहस्थांचा मुलगा गणितात नापास झाला. पस्तीसला सहा गुण कमी. दोघे मला भेटायला आले. मुलाच्या हातात कापडी पिशवी होती. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मी अभ्यास केला होता." वडील शांतपणे म्हणाले, "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, अभ्यास केला तर पास होतोच म्हणून? हा पास झाला नाही. म्हणजे ह्यानं अभ्यास केला नाही. वर आता खोटं बोलतोय."

चौथीच्या पुढे शाळा न पाहिलेल्या त्या माणसाचा हा युक्तिवाद निर्दोष होता. बारावीच्या वर्गात तर्कशास्त्राचे प्रकरण शिकवताना जी गोष्ट मुलांच्या गळी उतरवायला मला तास पुरत नसे, ती त्यांनी दोन वाक्यांत करून दाखवली होती. चूक त्यांच्या तर्कात नव्हतीच. चूक होती ती मी त्यांच्या हाती दिलेल्या विधानात.

हे नीट कळायला जर-तरच्या विधानांचे साधे नियम पाहावे लागतील. वाचकांनी घाबरू नये, यात आकडेमोड नाही.

'पाऊस पडला तर अंगण भिजते' हे विधान घ्या. उघड्या अंगणापुरते ते खरे आहे असे धरू. त्याची दोन टोके उलटापालट केली की होते : 'अंगण भिजले असेल तर पाऊस पडला आहे.' भूमितीत आपण याला व्यत्यास म्हणतो. हा व्यत्यास खरा असेलच असे नाही. अंगण शेजारच्या वहिनींनी सडा घातल्यामुळेही भिजलेले असेल. दुसरा प्रकार, दोन्ही टोकांना नकार जोडण्याचा : 'पाऊस पडला नाही तर अंगण भिजत नाही.' इथेही त्या वहिनी आडव्या येतात. तिसरा प्रकार, टोके उलटवायची आणि नकारही जोडायचा : 'अंगण भिजलेले नाही, म्हणजे पाऊस पडला नाही.' हे मात्र बिनचूक आहे. समजा, अंगण कोरडे आहे आणि तरीही पाऊस पडला. मग मूळ नियमाप्रमाणे अंगण भिजायला हवे होते, आणि ते तर कोरडे आहे. म्हणजे आपले मानणे चुकले. या तिसऱ्या रूपाला वर्गात आम्ही काँट्रापॉझिटिव्ह म्हणत असू. मी मनातल्या मनात त्याला 'पाठमोरे विधान' म्हणतो. नाण्याच्या दोन बाजू असाव्यात तसे मूळ विधान आणि त्याचे पाठमोरे विधान. एक घेतले की दुसरे आपोआप पदरात पडते.

व्यत्यासाचे तसे नाही. तो वेगळा सिद्ध करावा लागतो. घराचा पाया आखताना गवंडी दोरीने 3, 4 आणि 5 फुटांचा त्रिकोण करतो आणि कोपरा काटकोनात आला असे समजतो. तो पायथागोरसचे प्रमेय वापरतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो त्याचा व्यत्यास वापरत असतो. युक्लिडने आपल्या पहिल्या पुस्तकात मूळ प्रमेय 47 व्या क्रमांकावर दिले आणि व्यत्यासाची स्वतंत्र सिद्धता 48 व्या क्रमांकावर दिली. तो कामचुकार असता तर ती त्याने गाळलीही असती. उलट, 'चौरसाचे कर्ण एकमेकांना लंब असतात' याचा व्यत्यास खोटा आहे. तिरक्या समभुज चौकोनाचे कर्णही लंबच असतात.

आता एक शेवटचा नियम. जर-तरचे विधान मोडायचे कसे? एकाच प्रकारे : 'जर'चा भाग घडला आणि 'तर'चा भाग घडला नाही. पाऊस पडला आणि अंगण कोरडे राहिले. बाकी कशाने ते मोडत नाही. 'जर' घडलाच नाही तर विधानाला धक्काही लागत नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर काय झाले असते, यावर वाटेल ते बोलावे, कुणी खोटे पाडू शकत नाही. 'मी निवडून आलो तर गावात नळ आणीन' म्हणणारा उमेदवार पडला, की त्याचे वचन कायमचे अबाधित राहते.

आता त्या बापलेकांकडे परत येऊ. 'अभ्यास केला तर पास होतो' हे माझे विधान. 'पास झाला नाही, म्हणजे अभ्यास केला नाही' हे त्याचे पाठमोरे विधान. मी ते उच्चारले नव्हते. पण पहिल्यावर सही केली तेव्हा दुसऱ्यावरही माझी सही झाली होती. आणि समोर पिशवी धरून उभा असलेला मुलगा म्हणजे विधान मोडण्याचा तो एकमेव प्रकार होता. अभ्यास केला आणि पास झाला नाही. त्याच्यामुळे माझे विधान कोसळायला हवे होते. झाले उलटे. विधान वाचले आणि मुलगा खोटारडा ठरला.

त्या क्षणी मी काय केले? मी म्हणालो, "बघू. ऑक्टोबरला जरा जास्त जोर लाव." म्हणजे वडिलांच्या निष्कर्षावर मी दुसऱ्यांदा सही केली.

पिशवी तो माझ्या टेबलावर विसरून गेला, की मुद्दाम ठेवून गेला, ते मला आजवर कळलेले नाही. संध्याकाळी ती उघडली. दोनशेपानी वह्या होत्या. प्रत्येक उदाहरणसंग्रह सोडवलेला, काही दोनदा. मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. अकरावीला विज्ञान शाखा आणि सगळे इंग्रजीतून. इंग्रजी प्रश्न उतरवून त्याने शब्दाशब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले होते. 'ओन्ली इफ' या शब्दांवर त्याने लिहिले होते, 'जर'. उत्तर अर्थातच चुकले होते. गणित त्याला येत होते, प्रश्न वाचता येत नव्हता.

त्या पेन्सिलीच्या 'जर'कडे मी बराच वेळ पाहत राहिलो. 'ओन्ली इफ' म्हणजे 'जर' नव्हे. मराठीत त्यासाठी फार सुंदर सोय आहे, 'तर'ला एक 'च' जोडायचा. 'अभ्यास केलास तर पास होशील' आणि 'अभ्यास केलास तरच पास होशील' या दोन वाक्यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिले म्हणते की अभ्यास पुरेसा आहे. दुसरे म्हणते की अभ्यास आवश्यक आहे, त्याच्यावाचून भागणार नाही. तो पुरेल की नाही याबद्दल दुसरे वाक्य अवाक्षर काढत नाही. यातले दुसरे साधारणपणे खरे आहे. पहिले त्याचा व्यत्यास आहे, आणि ते खरे नाही. व्यत्यास म्हणजे काय हे मुलांना वर्षानुवर्षे शिकवणारा मी, पालकसभेत खऱ्या विधानाऐवजी त्याचा व्यत्यास ठोकून दिला होता. त्या मुलाने जी चूक उत्तरपत्रिकेत केली, तीच मी व्यासपीठावर केली. त्याचे गुण गेले, मला टाळ्या मिळाल्या.

आपल्याकडे हा भेद नवा नाही. न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठातच तो येतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसा पाण्याचा डोह, हा व्यतिरेक. म्हणजे आपले पाठमोरे विधानच. अन्नंभट्टांच्या सतराव्या शतकातील 'तर्कसंग्रहा'त पुढची पायरीही आहे. डोंगरावर अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे कुणी म्हणाला तर? ते चूक, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला अग्नीच्या जोडीला ओले सरपण लागते. अग्नी म्हणजे अभ्यास आणि धूर म्हणजे निकाल असे धरून पाहा. निकाल दिसला की मागे अभ्यास आहे, हे ठीक. पण अभ्यास आहे आणि निकाल नाही, असेही होते. तो मुलगा तापलेला लोखंडाचा गोळा होता. धूर दिसला नाही म्हणून आम्ही दोघांनी त्याला थंड ठरवले.

मग हा घोटाळा इतका सर्रास का होतो? एक कारण घरातच सापडते. आई म्हणते, "गृहपाठ केलास तर खेळायला जा." शब्दांत 'तर' आहे, मनात 'तरच' आहे, आणि मुलालाही ते बरोबर कळते. गृहपाठ न करता तो बॅट उचलत नाही. बोलण्यात असे चालते, चालायलाही हवे. पण त्यामुळे लहानपणापासून 'तर' आणि 'तरच' आपल्या कानात एक होऊन बसतात आणि जिथे फरक जिव्हारी लागणारा असतो, तिथेही आपण तो करत नाही.

दुसरे कारण एका प्रयोगातून दिसते. पीटर वेसन या लंडनमधील मानसशास्त्रज्ञाने 1966 साली चार पत्त्यांचे एक कोडे मांडले. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. आपल्या लिपीत सांगायचे तर समोर दिसतात अ, क, 4 आणि 7. नियम असा : एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला आहे की नाही हे तपासायला कोणते पत्ते उलटावेत? बहुतेक लोक 'अ' आणि '4' म्हणतात. '4' उलटून काही साधत नाही, मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही. उलटायला हवा तो '7', कारण त्याच्यामागे स्वर निघाला तर नियम मोडला. हे उत्तर शेकडा दहा जणांनाही येत नाही. मात्र 1982 साली ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लोरिडात हेच कोडे वेगळ्या वेशात घातले. नियम : बिअर पीत असेल तर वय एकोणीसच्या वर हवे. समोर दिसतात बिअर, कोला, वय 22 आणि वय 16. कुणाला तपासाल? बिअर पिणाऱ्याला आणि सोळा वर्षांच्या मुलाला. इथे जवळजवळ तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी अचूक उत्तर दिले.

या प्रयोगांचे अर्थ विद्वानांनी अनेक लावले आहेत. मला त्यातून दिसते ते एवढेच की, नियम मोडणारा शोधायचा असला की आपला तर्क विलक्षण तल्लख होतो. चौकातला वाहतूक हवालदार पाठमोरे विधान न शिकता वापरतो. त्या हमाल बापानेही तेच केले, त्यांना गुन्हेगार शोधायचा होता. पण समोरचे विधानच खोटे असेल का, ही शंका मात्र त्यांना आली नाही. विधान सरांचे होते.

एकदा हे ध्यानात आले की रोजच्या बोलण्यातली कितीतरी गोड वाक्ये उलटून पाहावीशी वाटतात. 'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण ऐकायला रुबाबदार आहे. उलटून पाहा : ज्याला डर आहे, त्याने काहीतरी केलेले आहे. चौकीत नुसते बोलावले तरी ज्याचे पाय लटपटतात असा निरपराध माणूस या म्हणीने आधीच दोषी ठरतो. 'पेरावे तसे उगवते.' उलटून पाहा : चांगले उगवले नाही, म्हणजे चांगले पेरले नाही. पाऊस दोन महिने गायब झालेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे ऐकवून पाहावे. 'श्रद्धा असेल तर गुण येतो', असे एखादा बाबा सांगतो. गुण आला नाही की पाठमोरे विधान तयारच असते : तुमची श्रद्धा कमी पडली. औषध फसले तर डॉक्टरला जाब विचारता येतो. इथे रोग्यालाच जाब द्यावा लागतो. 'पात्र असाल तर अनुदान मिळेल', असे कार्यालयातला फलक म्हणतो. मिळाले नाही? मग तुम्ही पात्रच नसाल. अर्ज कुठल्या टेबलाखाली पडला, हा प्रश्नच उरत नाही.

व्यत्यासाचा बाजार तर उघडच चालतो. क्लासच्या जाहिरातीत गुणवंतांचे फोटो असतात. जाहिरात सांगते, 'जे पहिले आले ते आमच्याकडे होते.' पालक ऐकतात, 'जे आमच्याकडे येतील ते पहिले येतील.' जाहिरात एक अक्षरही खोटे बोललेली नसते. व्यत्यास आपण स्वतःच्या मनात करतो आणि फी मात्र त्यांच्या खिडकीत भरतो.

यावर एक आक्षेप मला अनेकदा ऐकवला गेला आहे. माझे सहकारी म्हणत, "अहो, म्हणी आणि उपदेश म्हणजे काय प्रमेयं आहेत? 'अभ्यास केला तर पास होशील' हे मुलांना उमेद देण्यासाठी असतं. त्यात कसलं तर्कशास्त्र काढता?" आक्षेपात तथ्य आहे. सतत 'बहुधा', 'शक्यता वाढते' असे बोलणारा मास्तर वर्गाला झोप आणील. पण उपदेश देताना त्याला सुभाषित समजायचे आणि माणूस अपयशी ठरला की त्याच उपदेशाला प्रमेय समजून त्याच्यावर चालवायचे, हा दुटप्पीपणा आहे. उमेद देणारे वाक्य सगळ्यांच्या कानावर पडते. त्याची पाठमोरी बाजू मात्र फक्त हरलेल्याच्या वाट्याला येते, आणि तीही तो एकटा असताना. म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे : जर-तरचे वाक्य बोलण्याआधी ते एकदा उलटून पाहावे. पाठमोरे वाक्य एखाद्या खऱ्याखुऱ्या माणसाच्या तोंडावर म्हणण्याची आपली तयारी नसेल, तर मूळ वाक्यही सभेत बोलू नये.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. फेरपरीक्षा तेव्हा ऑक्टोबरमध्ये होत असे. मी त्याला रोज संध्याकाळी घरी बोलावले. गणित शिकवले नाही, फक्त प्रश्न वाचायला शिकवले. इफ, ओन्ली इफ, अनलेस, अ‍ॅट लीस्ट, अ‍ॅट मोस्ट. तो पास झाला. पेढे घेऊन वडील आले आणि माझ्या पाया पडू लागले. मी त्यांना धरून बसवले आणि सांगितले की, जूनमध्ये तुमचा मुलगा खरे बोलत होता, चूक माझ्या वाक्यात होती. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या सर, झाला ना पास. म्हणजे आता अभ्यास केला त्यानं."

मी हरलो. निकालावरून अभ्यास ओळखायचा, हा त्यांचा हिशेब त्या पेढ्यांनी आणखीच पक्का झाला होता. मुलगा दाराशी उभा होता. जून ते ऑक्टोबर, चार महिने तो त्या एका खोलीच्या घरात खोटे बोलणारा मुलगा म्हणून राहिला होता, आणि पास होऊनही जूनमधला त्याचा शब्द कुणी परत घेतला नव्हता. नापास झाल्याचे गुण फेरपरीक्षेत भरून निघतात. याची फेरपरीक्षा नसते.

निवृत्त होईपर्यंत पुढच्या प्रत्येक पालकसभेत मी वाक्य बदलून बोललो. "अभ्यास केला तरच मुलगा पास होईल. आणि अभ्यास करूनही नाही झाला, तर त्याच्यावर संशय घेण्याआधी त्याच्या वह्या घेऊन माझ्याकडे या." टाळ्या पूर्वीइतक्या पडत नसत. पण दरवर्षी निकालानंतर दोनचार पालक वह्या घेऊन येत असत.